हीथ्रोला उतरायचं, लुटनहून उडायचं : दोन तिकिटांच्या एका प्रवासाचा प्रकरण अभ्यास

पुण्यातलं एक निवृत्त जोडपं. मुलगी बार्सिलोनात शिकते, तिच्याकडे तीन आठवडे जायचं आहे. तिकीट शोधणाऱ्या संकेतस्थळावर सर्वांत स्वस्त पर्याय निघाला तो असा: मुंबईहून थेट लंडन, मग चार तास पंचावन्न मिनिटांनी लंडनहून बार्सिलोना. येतानाही लंडनमार्गेच. पैसे भरल्यावर हातात दोन पीएनआर आले, आणि दुसऱ्याच्या पोटात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘सेल्फ ट्रान्स्फर’, म्हणजे सामान घेऊन दुसऱ्या विमानापर्यंत आपलं आपण पोचायचं. पहिलं विमान हीथ्रोच्या टर्मिनल २ वर सकाळी ११.४५ ला उतरतं. दुसरं १६.४० ला सुटतं, पण लुटनहून. प्रवासाला साडेतीन महिने बाकी होते, व्हिसाचा एकही अर्ज भरलेला नव्हता. (विमानांच्या वेळा इथे उदाहरणापुरत्या धरल्या आहेत. गणित मात्र कुठल्याही दिवशी असंच पडतं.)

हा घोळ होतो तो एका संक्षेपामुळे. विमान कंपन्यांच्या भाषेत ‘एलओएन’ हा शहराचा कोड आहे. हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लुटन, लंडन सिटी आणि साउथएंड असे सहा विमानतळ त्याच्या पदराखाली येतात. यातलं लुटन तर लंडनमध्ये नाहीच, शहराच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर बेडफर्डशरमध्ये आहे. हीथ्रो शहराच्या पश्चिम टोकाला. पडद्यावर दोन्हीकडे ‘लंडन’ दिसतं आणि आपण समजतो की एका दारातून बाहेर पडून शेजारच्या दारात शिरायचं आहे.

आधी व्हिसा, वेळ नंतर

या जोडप्याचा पहिला प्रश्न होता, ‘पाच तास पुरतील ना?’ तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच उभा राहणार होता.

पहिलं तिकीट फक्त लंडनपर्यंतचं आहे. काउंटरवरच्या माणसाला मुंबई ते हीथ्रो एवढाच प्रवास दिसतो, आणि तो विचारणार ब्रिटनचा व्हिसा. त्याला दया दाखवायची सोयच नाही. कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी ब्रिटनमध्ये उतरवला तर कंपनीला माणशी २,००० पौंड दंड बसू शकतो. म्हणून कुठल्या पासपोर्टला कुठे काय लागतं हे ‘टायमॅटिक’ नावाच्या यंत्रणेत पाहूनच बोर्डिंग पास निघतो.

‘पण आम्ही लंडनमध्ये राहणार नाही, नुसते जाणार’ हे म्हणणं इथे लागू पडत नाही. हीथ्रोहून लुटनला जायचं म्हणजे इमिग्रेशन ओलांडून, सामान उचलून, रस्त्यावर येणं आलंच. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी व्हिसा लागतो. काही जणांना सूट आहे: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असणाऱ्यांना, किंवा युरोपचा निवास परवाना वा दीर्घ मुदतीचा ‘डी’ प्रकारचा व्हिसा असणाऱ्यांना ठरावीक अटींवर तसंच पुढे जाता येतं. पुढचं पक्कं तिकीट हवं आणि दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीच्या आत देश सोडायला हवा. शिवाय अंतिम निर्णय इमिग्रेशन अधिकाऱ्याचा.

नेमकी इथेच गल्लत होते. पर्यटनासाठी किंवा नातेवाइकांना भेटायला मिळणारा शेंगेन व्हिसा (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) ‘सी’ प्रकारचा असतो, स्टिकरवर तसं छापलेलंही असतं. तो या सवलतीत धरत नाहीत. मुलीकडे स्पेनचा निवास परवाना आहे, त्यामुळे ती याच मार्गाने बिनव्हिसा जाऊ शकते. ‘मी तर तशीच येते की’ असं तिने आईवडिलांना सांगितलंही होतं. ती खोटं बोलत नव्हती, पण तिचा नियम त्यांना लागू नव्हता.

दोन पर्याय होते. एप्रिल २०२५ च्या दराप्रमाणे, इमिग्रेशन ओलांडून जाण्यासाठीचा ट्रान्झिट व्हिसा ७० पौंडांना आणि सहा महिन्यांचा साधा व्हिजिटर व्हिसा १२७ पौंडांना. दोघांचे मिळून १४० विरुद्ध २५४, फरक ११४ पौंडांचा. कागदपत्रांचा खटाटोप जवळपास तेवढाच: अर्ज, बोटांचे ठसे, बँकेची स्टेटमेंट. या जोडप्याला ब्रिटनची हद्द जाताना एकदा आणि येताना एकदा ओलांडायची होती, आणि व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांत कितीही वेळा आत जाता येतं. इथे ११४ पौंड वाचवणं ही काटकसर नव्हे.

यापेक्षा मोठी अडचण पासपोर्टची. स्पेनचा अर्ज आणि ब्रिटनचा अर्ज, दोन्हीकडे तेव्हा पासपोर्ट जमा करावा लागत होता, आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. शेंगेनच्या निर्णयाला नियमाप्रमाणे १५ दिवस, ब्रिटनला साधारण तीन आठवडे, आणि दोन्हीकडे अपॉइंटमेंट मिळण्याचा काळ वेगळा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा तीन महिने आधीपासून. त्यामुळे आधी स्पेन, मग ब्रिटन हाच क्रम बसतो. ट्रान्झिट व्हिसा घ्यायचा असता तरी हाच क्रम लागला असता, कारण त्यात पुढच्या देशात जायची परवानगी दाखवावी लागते. साडेतीन महिने हाताशी होते म्हणून हे जमण्यासारखं होतं. सहा आठवडे असते तर तिकीट सोडून द्या असंच सांगावं लागलं असतं.

घड्याळ लावून पाहिलं तर

आता व्हिसा हातात आहे असं धरू आणि ती चार तास पंचावन्न मिनिटं खर्च करू.

११.४५ ही विमान धावपट्टीवरून येऊन जागेवर लागण्याची वेळ. दार उघडून मधल्या रांगेतले लोक बाहेर पडेपर्यंत १२ वाजतात. विमान टर्मिनल २ च्या ‘बी’ भागात लागलं तर मुख्य इमारतीपर्यंत भुयारी मार्गाने यायचं, सरकत्या पट्ट्यांवरूनही दहा-बारा मिनिटं चालणं आहे. १२.१२. इमिग्रेशनची आपोआप उघडणारी दारं भारतीय पासपोर्टसाठी नाहीत, अधिकाऱ्यासमोरच्या रांगेतच उभं राहायचं. दुपारच्या सुमारास लांब पल्ल्याची दोन-तीन विमानं एकदम उतरली असतील तर तास धरावाच लागतो. १३.१२. तोवर बॅगा पट्ट्यावर आलेल्या असतात. त्या शोधून, कस्टम्सच्या हिरव्या वाटेने बाहेर यायला पंधरा मिनिटं. १३.२७. तिथून एलिझाबेथ लाइन या रेल्वेच्या फलाटावर जाईपर्यंत १३.४२, गाडीची वाट पाहून निघायला १३.५२.

२०२२ मध्ये ही लाइन सुरू झाली आणि हा प्रवास खरोखर सोपा झाला. हीथ्रोहून एकाच गाडीने मध्य लंडनमधल्या फॅरिंग्डनला चाळीसेक मिनिटांत पोचता येतं. १४.३२. फॅरिंग्डनला त्याच स्टेशनात थेम्सलिंक या दुसऱ्या रेल्वेची गाडी मिळते, लिफ्ट आहेत, रस्त्यावर यावं लागत नाही. फलाट बदलून योग्य गाडीत बसेपर्यंत १४.५०. उत्तरेकडे जाणारी प्रत्येक गाडी लुटनला जात नाही. काही सेंट अल्बन्सलाच संपतात, काही केंब्रिज किंवा पीटरबरोच्या वाटेला लागतात. बेडफर्ड किंवा लुटनची पाटी पाहूनच चढायचं. आणि उतरायचं ‘लुटन एअरपोर्ट पार्कवे’ला. त्याच्या पुढचं स्टेशन नुसतं ‘लुटन’ आहे. विमानतळाला जायचं म्हणून गावात जाऊन उतरलेले लोक तिथे रोज दिसतात. बेचाळीस मिनिटं धरली तर १५.३२.

पार्कवेहून विमानतळावर ‘डार्ट’ नावाची चालकाविना धावणारी छोटी गाडी जाते. २०२३ पासून ती आहे, त्याआधी बस होती. गाडीचा प्रवास चार मिनिटांचा, पण सरकते जिने आणि गेट धरून पंधरा. टर्मिनलमध्ये १५.४७.

विमान १६.४० चं. कमी दराच्या कंपन्यांचे सामानाचे काउंटर सुटण्याच्या ४० ते ६० मिनिटं आधी बंद होतात. ४० चा नियम असेल तर १६.०० पर्यंत, म्हणजे हातात तेरा मिनिटं, तीही काउंटरवर रांग नसेल तर. ६० चा असेल तर काउंटर सात मिनिटांपूर्वीच बंद झाला. मुंबईहून विमान वेळेवर आलं, गाड्या वेळेवर धावल्या, साठीच्या माणसांनी दोन तेवीस किलोच्या बॅगा ओढत एकदाही दम खाल्ला नाही, स्वच्छतागृहात गेले नाहीत, एवढं सगळं जुळून आल्यावरचं हे गणित आहे.

बसचा पर्याय या वयाच्या माणसांना जास्त सोयीचा. हीथ्रोच्या टर्मिनल २ आणि ३ च्या मधल्या सेंट्रल बस स्टेशनवरून नॅशनल एक्स्प्रेसची थेट गाडी लुटन विमानतळावर जाते, सामान डिकीत जातं, मध्ये बदल नाही. पण ती एम २५ आणि मग एम १ या महामार्गांवरून जाते, आणि एम २५ चं काही सांगता येत नाही. मोकळ्या रस्त्यावर तास-सव्वा तास, तुंबला तर दोन. वेळ हाताशी असेल तर बसच घ्यावी. इथे वेळच नव्हता.

चुकलं तर कोण भरणार

दोन पीएनआर म्हणजे दोन स्वतंत्र करार. पहिलं विमान तीन तास उशिरा आलं तरी दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी फक्त ‘आला नाही’. पैसे गेले. काही कंपन्या साधारण शंभर-एकशेदहा पौंड किंवा युरो माणशी घेऊन पुढच्या विमानात जागा देतात, पण त्यासाठी ठरावीक वेळेत काउंटरवर हजर व्हावं लागतं. तुम्ही तेव्हा फॅरिंग्डनच्या फलाटावर असाल तर तीही सोय हुकते.

उशिराची भरपाई देणारा ब्रिटनचा कायदा इथे अर्धवटच कामाला येतो. ब्रिटनहून निघणाऱ्या सगळ्या विमानांना तो लागू आहे. ब्रिटनला येणाऱ्यांपैकी फक्त ब्रिटिश किंवा युरोपीय कंपन्यांच्या विमानांना. मुंबई ते लंडनचं विमान भारतीय कंपनीचं असेल तर तो लागू नाही. ब्रिटिश कंपनीचं असेल आणि कंपनीच्या चुकीने चार तासांहून जास्त उशीर झाला तर माणशी ५२० पौंड मिळू शकतात, पण तेही त्या विमानाच्या उशिराबद्दल. चुकलेल्या बार्सिलोनाच्या तिकिटाशी त्याचा संबंध नाही. शेंगेन व्हिसासाठी काढलेला ३०,००० युरोंचा विमा आजारपणासाठी असतो. ‘विमा काढलाय ना’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी पॉलिसी उघडून पाहावी.

उशीर नेहमी तासाभराचाच असतो असंही नाही. २० मार्च २०२५ च्या रात्री हीथ्रोजवळच्या हेझमधल्या वीज उपकेंद्राला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी हीथ्रो जवळपास दिवसभर बंद राहिलं. तेराशेहून जास्त विमानांना फटका बसला. अशा दिवशी एका तिकिटावरच्या प्रवाशाला पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम असतं. दोन तिकिटांवरच्या प्रवाशाचं दुसरं तिकीट त्याचं त्याने पाहायचं.

सामान

पहिल्या तिकिटावर दोघांना प्रत्येकी तेवीस किलोची बॅग मिळत होती. दुसऱ्या तिकिटावर काहीच नाही, फक्त सीटखाली मावेल अशी पिशवी: कंपनीप्रमाणे ४०×३०×२० किंवा ४५×३६×२० सेंटिमीटरच्या आसपास. तेवीस किलोच्या दोन बॅगा या विमानात चढवायच्या तर पैसे आधी, घरबसल्या भरायचे. विमानतळावर तीच बॅग बरीच महाग पडते. बॅगांचे पैसे जाता-येता दोन्हीकडचे धरले तेव्हाच ‘स्वस्त’ तिकिटातली निम्मी मजा गेली होती.

आणखी एक बारकावा. या कंपन्या बोर्डिंग पास फोनवर देतात, पण युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना काउंटरवर व्हिसा दाखवावा लागतो. ‘चेक-इन झालंय, सामानही नाही’ म्हणून थेट गेटवर गेलेला प्रवासी तिथून परत पाठवला जाऊ शकतो. गेट विमान सुटण्याच्या वीस ते तीस मिनिटं आधी बंद होतं, मग परत यायला वेळ उरत नाही.

खाऊची यादी आईंनी केली होती: बाकरवडी, भाजणी, लिंबाचं लोणचं, पेढे, साजूक तूप आणि मे महिना म्हणून हापूसची एक पेटी. पहिले तीन चालतात. पेढे आणि तूप दुधाचे, आणि भारतातून दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्येही नेता येत नाहीत आणि युरोपीय संघातही नाही. मांसाचे पदार्थही तसेच. ताज्या फळांना डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटलेली फळं पाच: अननस, केळं, नारळ, खजूर आणि ड्युरियन. आंबा त्यात नाही. बार्सिलोनात पेटी पकडली गेली तर ती कचऱ्यात जाते, आणि हापूस कचऱ्यात जाताना पाहणं कोणालाही सोसायचं नाही.

द्रवपदार्थांच्या मर्यादा सध्या विमानतळागणिक बदलत आहेत. एकीकडे मोठी बाटली चालते, दुसरीकडे शंभर मिलीच. दोन विमानतळांचा प्रवास असेल तर शंभर मिली धरूनच हातातली बॅग भरावी, आणि मुंबईच्या ड्युटी फ्रीमधली बाटली लुटनला पोचायच्या आत मोठ्या बॅगेत टाकावी.

काय ठरलं

सगळं रद्द करून दोहा किंवा दुबईमार्गे एका तिकिटावर बार्सिलोना, हा सर्वांत सरळ मार्ग. ब्रिटनचा व्हिसा नको, सामान थेट शेवटपर्यंत, उशीर झाला तर जबाबदारी कंपनीची. तिकीट काढण्याआधी विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं. ‘निदान लंडनमार्गे एकाच तिकिटावर जाऊ, म्हणजे विमानतळाबाहेर पडायला नको’ असंही त्यांनी सुचवलं. त्यालाही भारतीय पासपोर्टवर वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि ‘सी’ व्हिसा तिथेही सूट देत नाही.

पण मुंबई-लंडनचं तिकीट रद्द केलं तर बरीच रक्कम जात होती. मग दुसरी कल्पना निघाली: जाताना आखातातून जाऊ, येताना हेच लंडनचं तिकीट वापरू. हे तर करायचंच नाही. मोठ्या कंपनीच्या जाण्या-येण्याच्या तिकिटावर पहिला टप्पा न वापरता सोडला की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. कमी दराच्या कंपन्यांचे टप्पे सहसा सुटे असतात, तिथे तसं होत नाही. दोन्हींचा नियम एकच समजू नये.

शेवटी लंडन टाळायच्या ऐवजी लंडन घ्यायचं ठरलं. दोघांनी व्हिजिटर व्हिसा घ्यायचा, हीथ्रोला उतरून दोन रात्री शहरात राहायचं, आणि लुटनचं विमान तिसऱ्या दिवशी दुपारचं घ्यायचं. त्या तिकिटाच्या तारखा बदलायचा खर्च नव्या तिकिटाएवढाच निघाला, म्हणून नवीनच काढलं. राहायला किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रसचा परिसर निवडला. त्यामागे हिशेब आहे. हीथ्रोच्या टर्मिनल २-३ स्टेशनवरून पिकॅडिली लाइन ही भुयारी रेल्वे तासाभरात थेट किंग्ज क्रॉसला आणते, दोन्ही टोकांना लिफ्ट आहेत आणि भाडं एलिझाबेथ लाइनच्या निम्म्याहून कमी. सेंट पँक्रसहून थेम्सलिंक थेट लुटन एअरपोर्ट पार्कवेला जाते. तिथे डार्ट घेईपर्यंत मध्ये कुठेच गाडी बदलायची नाही.

भाडं कार्ड टेकवून देता येतं, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. एकाच कार्डावर दोघे आत जाऊ शकत नाहीत. आत जाताना टेकवलेलं कार्ड बाहेर येतानाही तेच. कार्ड एकदा आणि फोन एकदा असं केलं तर यंत्राला ती दोन माणसं वाटतात आणि दोन्हीकडे जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. लंडनच्या प्रवासाचं आधी पैसे भरून घ्यायचं ऑयस्टर कार्ड लुटनला चालत नाही. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस ही दोन्ही बटणं निघण्यापूर्वी चालू करावी लागतात, ती मुळात बंद असतात. छापील तिकीट काढायचं असेल तर शेवटचं स्थानक ‘लुटन एअरपोर्ट’ निवडायचं, म्हणजे डार्टचं भाडं त्यात येतं. ‘पार्कवे’ निवडलं तर डार्टचे पैसे वेगळे.

व्हीलचेअर दोन्ही कंपन्यांकडे वेगवेगळी, ४८ तास आधी मागितली. हीथ्रोची मदत आगमन कक्षापर्यंत येते, पुढच्या रेल्वेत ती नसते. इमिग्रेशनवर विचारतील ते थोडकंच: किती दिवस, कुठे उतरणार, पुढे कुठे, परत कधी. हॉटेल, बार्सिलोनाचं तिकीट आणि परतीचं तिकीट छापून हातातल्या पिशवीत ठेवायचं. फोनची बॅटरी दहा तासांच्या प्रवासानंतर नेमकी तिथे संपते.

येतानाचा बेत जास्त अवघड होता. मूळ तिकिटात बार्सिलोनाचं विमान लुटनला रात्री १०.५० ला उतरत होतं आणि हीथ्रोहून मुंबईचं सकाळी ९.४५ ला सुटत होतं. कागदावर अकरा तास दिसतात, पण इमिग्रेशन आणि सामान आटोपेपर्यंत मध्यरात्र, तेव्हा एलिझाबेथ लाइन मिळण्याची आशा नाही, आणि पहाटे सहाला हीथ्रोवर हजर व्हायचं. ते विमान बदलून आदल्या दुपारचं घेतलं. लुटनहून बसने थेट हीथ्रोचं सेंट्रल बस स्टेशन, तिथून चालत जाता येईल अशा हॉटेलात रात्र. बार्सिलोनातून निघतानाही एक खबरदारी: तिथली टर्मिनल १ आणि २ एकमेकांपासून चारेक किलोमीटरवर आहेत, मधे फुकट बस धावते, पण ती चुकीच्या टर्मिनलवर पोचल्यावरच आठवते. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे, त्यामुळे येता-जाता रांगेसाठी वेळ जास्त धरला.

लंडनच्या पहिल्या मुक्कामाचे दिवस गुरुवार आणि शुक्रवार ठेवले, लुटनला जायचं शनिवारी. रविवार मुद्दाम टाळला, कारण रुळांच्या दुरुस्तीची कामं बहुतेक रविवारी निघतात आणि थेम्सलिंकऐवजी बस लावली जाते. तरी शनिवारची गाडी खरंच धावणार आहे का, हे मुलीने आदल्या आठवड्यात बार्सिलोनाहून पाहून कळवायचं ठरलं. पेटी घरीच राहणार होती. आंबे शेजाऱ्यांनी संपवले.